घाम गाळायला परदेशी का जावे?

प्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतील तीन पत्रे निवडली आहेत. उष्णकटिबंधातील देशात सुटी घालवावी की नाही, हाच प्रश्न तिन्ही पत्रांत वेगवेगळ्या बाजूंनी विचारलेला आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील शंका आपल्या भागातील बहुतेक घरांत सुटीचा बेत आखताना निघतेच.

प्रश्न : आम्ही पाचपाखाडीत राहतो. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि आठवीतली मुलगी असे चौघे आहोत. पुढे दहावीच्या अभ्यासात निवांत सुटी मिळणार नाही, म्हणून येत्या मे महिन्यात एक परदेश प्रवास करायचे ठरले आहे. मला बाली किंवा श्रीलंकेला जावेसे वाटते. यजमानांचे म्हणणे असे, की वर्षातले आठ महिने आपण घामाच्या धारांत लोकलने प्रवास करतो, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, गावी माडांची बाग आहे. मग तेच ऊन, तोच समुद्र आणि तेच माड पाहण्यासाठी पैसे खर्च करणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा होय. त्यांना स्वित्झर्लंड पाहायचे आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही आणि माझे मनही मानत नाही. ठाण्यात राहणाऱ्या माणसाने उष्ण देशात सुटी घालवण्याला खरोखरच काही कारण आहे का?
— एक वाचक भगिनी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या यजमानांच्या आक्षेपाचा मी आदर करतो. मे महिन्याच्या सकाळी ठाण्याहून लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाला उकाडा म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. भूगोलही त्यांच्याच बाजूने आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून, म्हणजे गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाते. संपूर्ण महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपण सारे जन्मापासून उष्णकटिबंधाचेच रहिवासी आहोत. माझे मत मात्र असे आहे, की आपण या पट्ट्याचे रहिवासी आहोत हेच त्यातील दुसऱ्या देशात जाण्याचे सर्वांत सबळ कारण आहे. ते मांडण्यापूर्वी उन्हाचा मुद्दा निकालात काढतो, कारण तो दिसतो तेवढा भक्कम नाही.

उष्णकटिबंध विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे आणि त्यात सगळीकडे एकाच वेळी एकच ऋतू कधीच नसतो. मेच्या मध्यावर ठाण्यात भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. पाऊस अजून काही आठवडे दूर असतो आणि दमट हवा मात्र आधीच मुक्कामाला आलेली असते. आपल्याकडचा सर्वांत त्रासाचा काळ तो हाच. त्याच दिवसांत विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे साडेआठ अंशांवर असलेल्या बालीत कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने येणारे कोरडे आग्नेय वारे साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे वाहत राहतात, त्यामुळे हवा हलती राहते, पाऊस क्वचित पडतो आणि संध्याकाळी ओसरीवर बसणे सुखाचे होते. बाली थंड असते असे मी म्हणणार नाही. दुपारचे ऊन तिथेही कडकच असते. पण ठाण्याचा मे आणि बालीचा मे एकाच मापाने मोजू नयेत.

श्रीलंकेचे हवामान याहून बारकाईने समजून घ्यावे लागते, आणि सहलीचे पैसे वाया जातात ते बहुधा इथेच. बेटाच्या मध्यभागी उंच डोंगर आहेत. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, बेंटोटा, गॉल या पश्चिम आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर कोसळतो आणि डोंगरांच्या पलीकडचा पूर्व किनारा बव्हंशी कोरडा राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे वारे आले, की पावसाची बाजू बदलते. सह्याद्रीमुळे महाबळेश्वर चिंब भिजते आणि माण-खटाव पावसाची वाट पाहत राहतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. तरीही मे-जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावरची हॉटेले स्वस्त मिळतात म्हणून तीच पॅकेजमध्ये बसवली जातात, आणि खवळलेल्या समुद्राकडे खिडकीतून पाहत सुटी संपते. आपण मेमध्ये जाणार असाल, तर एजंटला पहिला प्रश्न पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीविषयी विचारा. तिथला समुद्र मे ते सप्टेंबर या काळात शांत असतो, कोणेश्वराचे मंदिर समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर उभे आहे आणि याच महिन्यांत त्या किनाऱ्यापासून काही अंतरावर निळे देवमासे दिसण्याची शक्यता असते.

विश्रांतीचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो. मुंबईहून कोलंबो विमानाने जेमतेम अडीच तासांवर आहे आणि तिथले घड्याळ आपल्याच घड्याळाबरोबर चालते. बालीचे अडीच तास पुढे असते. झोपेचे चक्र मोडत नाही, लोकरी कपड्यांची खरेदी करावी लागत नाही, आणि आपल्या हवेला सरावलेले शरीर पहिल्याच सकाळी घरच्यासारखे वावरू लागते. उन्हाळ्यातील युरोपात रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि तो वाया जाऊ नये म्हणून माणसे नऊपर्यंत पायपीट करत राहतात. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. म्हणून तिथला दिवस पहाटे सुरू होतो, दुपारी बारा ते तीन थांबतो आणि चारनंतर पुन्हा उघडतो. वामकुक्षीला वेळापत्रकात जागा असलेली सहल सासूबाईंना किती मानवेल, हे आपण जाणताच.

आता मुख्य कारण. श्रीलंकेत सकाळच्या न्याहारीला तांदळाच्या पिठाच्या शेवयांची चकती पानात वाढतात. ती पाहताच कोकणातल्या माणसाला शिरवाळे आठवतात, आणि ते योग्यच आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे: तांदळाचे पीठ, साचा आणि उकळते पाणी. आपल्याकडे पिठाचे गोळे पाण्यात शिजवून ते गरम असतानाच साच्यातून दाबतात आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. तिथे कच्च्या पिठाच्या शेवया वेताच्या तळहाताएवढ्या चकत्यांवर पाडतात, त्या चकत्या एकावर एक रचून वाफवतात, आणि वर हळद घातलेला नारळाच्या दुधाचा तिखट-खारट रस आणि लाल मिरचीत वाटलेले ओले खोबरे घेतात. गोड पदार्थ तिखट झाला आणि सणाचा पदार्थ रोजचा झाला. कोवळ्या फणसाची दाट रस्साभाजी तिथल्या जेवणात नेहमी असते, त्यामुळे शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. मासे खाणाऱ्यांनी अंबुल तियल जरूर मागावे. त्यात ट्यूनाच्या तुकड्यांना गोरका नावाच्या आंबट फळाचा जाड लेप लावून ते कोरडे होईपर्यंत शिजवतात. गोरका हे आपल्या कोकमाच्या कुळातलेच फळ आहे, आणि त्याच्या आंबटपणामुळे हा मासा फ्रिजशिवायही काही दिवस टिकतो.

स्वित्झर्लंडमध्ये चीजचा कारखाना पाहताना आपण थक्क होतो, पण विचारण्यासारखे आपल्याजवळ फारसे काही नसते. त्रिंकोमालीच्या खाणावळीत आपल्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नारळ किती वेळा पिळता, पहिले दूध कधी घालता, ते फाटू नये म्हणून काय करता, असे दहा प्रश्न विचारू शकतील, आणि तिथल्या बाईही त्यांना तितकेच प्रश्न विचारतील. ज्या देशात आपल्याला प्रश्न सुचतात, त्या देशात आपण नुसते प्रेक्षक राहत नाही. उष्ण देशातील सुटीच्या बाजूने मला जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

बालीतही हीच ओळख पावलोपावली भेटते. तिथल्या भातखाचरांचे फोटो सगळेच काढतात. आपण खाचरांऐवजी पाटाकडे पाहा. वाहत्या पाटात आडवा बसवलेला लाकडी ओंडका दिसेल आणि त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा कोरलेल्या दिसतील. ज्याचा हिस्सा जेवढा, तेवढी त्याची खाच रुंद. हे पाणीवाटप ‘सुबक’ नावाच्या शेतकरी मंडळांकडून होते, त्यांच्या बैठका जलदेवतांच्या मंदिरांशी जोडलेल्या असतात, आणि कोणत्या भागाने केव्हा लावणी करायची व केव्हा जमीन पडीक ठेवायची, हे सर्वांनी मिळून ठरवल्यामुळे किडीलाही आळा बसतो. हजार वर्षांहून जुनी असलेली ही व्यवस्था युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतली. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धतीने असेच सामुदायिक पाणीवाटप शतकानुशतके होत आले आहे. बालीचा पाट पाहून आलेल्या मुलीला पुढे कधी फडाचे बंधारे दाखवता आले, तर भूगोलाच्या पुस्तकातला सिंचनाचा धडा तिला पाठ करावा लागणार नाही.

याच मुलीसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. बाली आणि तिच्या पूर्वेचे लोंबोक ही बेटे स्वच्छ हवेत एकमेकांना दिसतात, पण दोघांमधली सामुद्रधुनी फार खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा बाली जावामार्गे आशियाच्या भूमीला जोडली गेली. लोंबोक मात्र पाण्याने वेढलेलेच राहिले. त्यामुळे बालीपर्यंत आशियातील प्राणी-पक्षी आढळतात आणि लोंबोकपासून पुढे काकाकुव्यासारखे ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे पक्षी दिसू लागतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही सीमा ओळखली आणि आजही ती वॉलेस रेषा म्हणूनच ओळखली जाते. बालीच्या पूर्व किनाऱ्यावर उभे राहून ती सामुद्रधुनी पाहणे आठवीतल्या मुलीला नक्की आवडेल.

बालीचे नववर्ष शक संवत्सराप्रमाणे येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा जो शक आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो, तोच तिथे चालतो. न्येपी नावाचा हा दिवस कधी गुढीपाडव्याला लागून, तर कधी महिनाभर आधी येतो. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होती आणि पाडवा ३० मार्चला. आपण गुढी उभारून मिरवणुका काढतो, तर बालीत त्या दिवशी चोवीस तास पूर्ण शांतता पाळतात. रस्त्यावर कोणी येत नाही, दिवे लावत नाहीत, विमानतळसुद्धा बंद असतो. आपला बेत मेचा असल्यामुळे आपल्याला त्याची अडचण नाही, परंतु मार्चमध्ये जाणाऱ्या वाचकांनी तारीख आधी पाहून घ्यावी. कंबोडियातील अंकोरवाटविषयी लिहायला या सदरात जागा पुरणार नाही; बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने उभारलेल्या या विष्णुमंदिरात पूर्वेच्या लांब दालनात समुद्रमंथनाचे सुमारे ४९ मीटर लांबीचे शिल्प आहे, एवढे सांगितले तरी पुरे. मे महिन्यात मात्र तिथे जाऊ नये, कारण तिथला उकाडा आपल्यासारखाच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ.

यजमानांना बर्फ पाहायचा असेल, तर यातला कोणताही देश त्यांची इच्छा पुरी करणार नाही आणि तशी खोटी आशा मी लावू इच्छित नाही. आल्प्सचे सौंदर्य वेगळे आहे आणि त्यासाठी स्वतंत्र वर्ष राखून ठेवावे. यंदाच्या आपल्या चौघांसाठी मी श्रीलंका सुचवतो: अनुराधपूर, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी त्रिंकोमालीचा निवांत मुक्काम. नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून सुमारे १,८६८ मीटर उंचीवर चहाच्या मळ्यांत वसलेले आहे आणि रात्री तिथे शाल लागते, त्यामुळे गारव्याची हौसही काही अंशी भागेल. पश्चिमेचा पाऊस मेच्या उत्तरार्धात तिथे पोहोचू शकतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच निघावे. वैशाख पौर्णिमेचा वेसाक सण आपल्या तारखांत बसला, तर गावोगावचे कागदी आकाशकंदील आणि रस्त्याकडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट जेवू घालणारे मांडव पाहायला मिळतील. तारीख तिथल्या पंचांगाप्रमाणे तपासून घ्यावी, कारण अधिक महिन्याच्या वर्षी ती आपल्या बुद्धपौर्णिमेहून वेगळी येऊ शकते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नेरुळला राहतो. आम्हा दोघांचेही वय सत्तरीच्या आसपास आहे आणि पत्नीला गुडघेदुखीचा त्रास आहे. पावसाळ्यात येथे आठ-आठ दिवस घराबाहेर पडता येत नाही. मुलगा म्हणतो, की त्या काळात मॉरिशसला जाऊन या. केवळ समुद्रकिनारा पाहायला एवढ्या लांब जावे, असे या वयात आम्हांला वाटत नाही. तेथे आमच्यासारख्यांसाठी काय आहे?
— एक ज्येष्ठ वाचक, नेरुळ

उत्तर : चिरंजीवांनी काळ अगदी योग्य निवडला आहे. आपला परिसर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढा आहे, जवळजवळ तेवढाच मॉरिशस दक्षिणेला, सुमारे वीस अंशांवर आहे. त्यामुळे नेरुळमध्ये जुलैची झड लागलेली असताना तिथे सौम्य हिवाळा असतो, किनाऱ्यावर दिवसाचे तापमान चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास राहते आणि चक्रीवादळांचा काळ, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, दूर असतो. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते. हिवाळ्यात आग्नेयेचे वारे जोरात वाहतात, म्हणून पूर्व किनाऱ्यावरचे हॉटेल टाळावे आणि वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या पश्चिम किंवा उत्तर किनाऱ्यावर उतरावे.

केवळ समुद्रकिनारा, हा मात्र गैरसमज आहे, आणि आपण शिक्षक असल्यामुळे तो दूर करणे मला अगत्याचे वाटते. राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट नावाची जागा आहे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर इथे उतरले. काही उसाच्या मळ्यांत राहिले, काहींना पुढे आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांकडे पाठवले गेले. कोकणातून आणि साताऱ्याकडून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. समुद्रातून वर येणाऱ्या ज्या दगडी पायऱ्यांवर त्यांचे पहिले पाऊल पडले, त्या पायऱ्या आजही तिथे आहेत आणि २००६ पासून ही जागा जागतिक वारसा आहे. त्या मंडळींच्या वंशजांनी मराठी मंदिरे उभारली, शाळांतून मराठीचे शिक्षण सुरू ठेवले आणि गणपती टिकवला. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. घरच्या गणपतीची व्यवस्था कोणी करणार असेल, तर सहल चतुर्थीच्या सुमारास ठेवा. आपल्यापासून इतक्या दूर, पाच-सहा पिढ्यांपूर्वी गेलेल्या माणसांच्या तोंडून आरती ऐकण्याइतके मोठे कारण मला तरी दुसरे माहीत नाही.

आकाशाकडेही आवर्जून पाहा. जुलैत तिथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. ध्रुवतारा क्षितिजाच्या खाली गेलेला असतो. त्रिशंकू हा तारकासमूह, जो आपल्याकडून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाला टेकलेला जेमतेम दिसतो, तो तिथे ठळकपणे वर आलेला असतो आणि वृश्चिक जवळजवळ डोक्यावरून जातो. आयुष्यभर मुलांना दिशा शिकवलेल्या माणसाला हे पाहताना विलक्षण आनंद होईल.

पत्नीच्या गुडघ्यांसाठी हे बेट सोयीचे आहे. किनाऱ्याचा भाग सपाट आहे, आणि प्रवाळांच्या कड्यामुळे अनेक ठिकाणी आतले पाणी शांत आणि उथळ असते. डॉक्टरांची हरकत नसेल, तर दुपारी त्यात कमरेइतक्या पाण्यात चालावे. सकाळी पाणी गार लागते. श्रीलंकेतल्या सिगिरियासारखे हजाराहून अधिक पायऱ्यांचे ठिकाण मात्र यादीत कोणी घातले, तर स्पष्ट नाही म्हणावे. नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, प्रवासाचा विमा काढताना रक्तदाब-मधुमेह लपवू नये, आणि डासांपासून इथे घेता तेवढीच काळजी तिथेही घ्यावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, वसूल केला जातो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्या, म्हणजे विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येईल.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या घराजवळ खाडी आहे. फ्लेमिंगो आणि खारफुटी मुलांच्या परिचयाची आहेत. दोन्ही मुले पोहायला शिकली आहेत आणि त्यांना निळ्याशार पाण्यातले प्रवाळ पाहायचे आहेत. आपल्या समुद्राचे पाणी तसे का नसते? मालदीवला जावे की अंदमानला?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या खाडीचे पाणी गढूळ असते ते ती जिवंत आहे म्हणून. नद्या आणि भरती-ओहोटी गाळ हलवत ठेवतात, त्या गाळावर शैवाल व सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर मासे आणि फ्लेमिंगो जगतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा ‘रामसर’ दर्जा मिळाला तो याच समृद्धीमुळे. उष्णकटिबंधातील मोकळ्या समुद्राचे पाणी नितळ निळे दिसते, कारण त्यात गाळ नसतो आणि पोषकद्रव्येही फार कमी असतात. अशा उपाशी पाण्यात प्रवाळांची भरगच्च वस्ती उभी राहते, हे उष्णकटिबंधाचे मोठे आश्चर्य आहे. प्रवाळाच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवते आणि प्रवाळ त्याला आसरा देते. त्यासाठी उबदार, उथळ आणि स्वच्छ पाणी लागते. ते मुख्यतः याच पट्ट्यात मिळते, म्हणून हे पाहायचे तर उष्ण समुद्राकडेच जावे लागते.

हे पाणी प्रमाणाबाहेर तापले, की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. जगभरात असे विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले. मुलांना हे नेण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे पांढरा प्रवाळ दिसला तर त्यांना त्याचा अर्थ कळेल. प्रवाळावर पाय ठेवू नये, शंख-शिंपले पिशवीत घालू नयेत. उन्हाचे मलम लावण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, कारण काही मलमांतली रसायने प्रवाळांना घातक ठरतात. थायलंडने २०२१ पासून आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत अशी मलमे वापरायला बंदी घातली आहे.

मालदीव की अंदमान, याचे उत्तर मुलांच्या वयावर आणि सुटीवर अवलंबून आहे. दोन्हीकडे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र चांगला असतो, म्हणजे नाताळची सुटी योग्य आणि मेचा उत्तरार्ध अयोग्य. मालदीवला महागड्या रिसॉर्टशिवाय जाता येत नाही असा समज आहे, पण २००९ पासून तिथल्या लोकवस्तीच्या बेटांवर साधी अतिथीगृहे चालतात. तरी पहिल्या खेपेला मी अंदमानच सांगेन: पासपोर्ट लागत नाही, स्वराज द्वीपाच्या (पूर्वीचे हॅवलॉक बेट) किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात प्रवाळ पाहता येतात, घनदाट जंगल थेट वाळूपर्यंत येते आणि आपल्या मुलांच्या ओळखीची खारफुटी तिथे खाडीच्या दोन्ही काठांवर उंच झाडांच्या रूपात उभी असते.

त्याआधी एक शनिवार-रविवार मालवणला जाऊन यावे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात थोडे प्रवाळ आहेत आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी अंदमानइतके नितळ नसते, पण मुखवटा लावून तोंडाने श्वास घेण्याची सवय मुलांना तिथे होईल. तरणतलावात पोहणारी मुलेसुद्धा लाटांत पहिल्यांदा घाबरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळच्या भरतीची वेळ विचारून जावे आणि पोहता येत असले, तरी लाईफ जॅकेट काढू देऊ नये.